आत्याचा मान

बारशाला बोलावलेल्या मंदाकिनीताई पाळण्यावर वाकल्या आणि तशाच थांबल्या. मान वळवून त्यांनी विचारलं, "अगं अमिता, सख्खी आत्या घरात असताना मी कसं नाव ठेवू?"

हॉलमधल्या बायका इकडेतिकडे पाहू लागल्या. शेजारच्या शेखावत आंटींना मराठी कळत नव्हतं, पण कशाबद्दल चाललंय ते कळलं. "हाँ, बुआजी कहाँ हैं?"

बुआजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विभा, अमिताच्या नवऱ्याची, संकेतची मोठी बहीण. जयपूरला नोकरी लागल्यापासून ती भावाकडेच राहत होती. लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता, तरी बोटांवरचे आणि ओठाच्या कडेचे कोडाचे डाग झाकले जात नव्हते. भाची घरी आल्यापासून तिनं तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

"ताईंना सर्दी झालीय," अमिता घाईनं म्हणाली. "एवढ्या लहान बाळाजवळ नको, म्हणून..."

बोलता बोलता तिनं नणंदेकडे पाहिलं. त्या नजरेत दटावणी नव्हती, गयावया होती.

विभानं रुमाल नाकाला लावला. "हो ना, सकाळपासून नुसत्या शिंका येतायत. तुम्हीच ठेवा, मंदाकिनीताई. अबोली."

नाव तिनंच निवडलं होतं. संकेत खिडकीशी जाऊन उगाचच पडदा सारखा करत राहिला.

मंदाकिनीताईंनी बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं. बायकांनी हसत हसत त्यांच्या पाठीत धपाटे घातले. "हळू गं, हळू!" मंदाकिनीताई ओरडल्या. शेखावत आंटींना ही गंमत फारच आवडली, त्यांनी दोन धपाटे जास्तीच घातले. विभाही हसली. तिची पाठ दाराच्या चौकटीला टेकलेली होती.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका गेल्या, संकेत मंदाकिनीताईंना शास्त्री नगरला सोडायला गेला. विभा ओट्यावरची भांडी आवरत होती. अमिता मागे येऊन उभी राहिली.

"ताई, मी वाईट आहे का हो?"

विभानं नळ बंद केला. गेल्या वर्षी तिला डेंग्यू झाला, तेव्हा हीच मुलगी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होती. तिला पेज भरवायची, आणि उरलेली त्याच वाटीतून स्वतः प्यायची.

"डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं ना, शिवल्यानं पसरत नाही म्हणून?"

"सांगितलं. पटलंसुद्धा. पण तुमचा हात पाळण्याकडे गेला की मला आजीच आठवते. आमच्या मावशीला होतं. आजी आम्हांला तिच्या खोलीत जाऊच द्यायची नाही." अमितानं हॉलकडे पाहिलं. "माझं काही नाही, ताई. मला झालं तरी चालेल. पण ही मुलगी आहे. उद्या..."

"उद्या माझ्यासारखी राहिली तर."

अमितानं तोंडावर पदर धरला.

"तू वाईट असतीस ना," विभा म्हणाली, "तर मी केव्हाच वैशाली नगरचं हे घर सोडून दुसरीकडे खोली घेतली असती. सोपं गेलं असतं मला."

आत अबोली रडायला लागली. अमिता धावत गेली. बराच वेळ थोपटूनही रडणं थांबेना. विभा हॉलच्या उंबऱ्याशी आली आणि रोजच्यासारखी तिथंच थांबली.

अमितानं तिच्याकडे पाहिलं. मग पाळण्याला गुंडाळून ठेवलेली दोरी सोडली, सगळी सोडली, आणि तिचं टोक धरून दारापर्यंत आली. तिथं एक खुर्ची ओढली. दोरी विभाच्या हातात देताना दोघींची बोटं एकमेकींना लागली. अमितानं हात मागे घेतला नाही. पण दोरीही आखूड केली नाही.

विभा खुर्चीवर बसली. तिनं दोरी ओढली तसा पाळणा तिच्याकडे झुकला. आतली एवढीशी मूठ दिसली. मग पाळणा मागे गेला. तिनं पुन्हा ओढला. बाळ हळूहळू शांत झालं, झोपलं, तरी विभा दोरी ओढतच राहिली. पाळणा तिच्याकडे यायचा, आणि हात पोचायच्या आत परत जायचा.