वाचता येत नाही

बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून नागप्पाला बोलावणं आलं. चौकशीचा निकाल दुपारी चार वाजता सांगायचा होता. सहा तास आधीच बोलावलं म्हणजे तो ठरूनच गेला, असं धरून नागप्पा दाराशी चपला काढून आत गेला.

आत साहेब नव्हते. संगणकापुढं महेश्वरी एकटीच बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी ती कंपनीचं इंट्रानेट उभं करायला आली होती. कपाटांतले, खोक्यांतले कागद आणि अहवाल स्कॅन करून ती एका जागी आणत होती. सोमवारपासून कारखान्यातल्या कुणालाही ते मोबाइलवर उघडता येत होते. तिनं नागप्पाला खुर्ची दाखवली. तो उभाच राहिला.

त्याच्यावरचा आरोप दोन ओळींचा होता. सतरा जानेवारीला रंगखात्यात वाफेच्या पाइपचा जोड फुटला आणि आतिफचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जोड गळतो आहे हे बॉयलर सांभाळणाऱ्या नागप्पानं कळवलं नव्हतं. मी लिहून दिलं होतं, एवढंच तो महिनाभर सांगत राहिला. फायलीत कागद सापडला नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, असं तो घरी म्हणे. पण अकरा वर्षं त्याच्या शेजारी बसून डबा खाणारा आतिफ, नागप्पा दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला होता. ते काही त्याच्या मनातून जात नव्हतं.

महेश्वरीनं टेबलाखालून एक खोकं ओढलं. त्यावर जाड पेननं लिहिलं होतं : वाचता येत नाही. आत भिजलेले, शाई उतरलेले, कुरतडलेले कागद होते. हे खोकं सोडून द्या, असं ऑफिसातल्या लोकांनी तिला सांगितलं होतं. पण सुरक्षेचा एकही कागद सुटता कामा नये, असा मालकांचा हुकूम होता, म्हणून तिनं काल ते पालथं केलं. त्यातला एक कागद तिनं त्याच्यापुढं ठेवला. तो भिजलेला नव्हता, फाटलेलाही नव्हता.

"पैप सोराकत्तैती," तिनं वाचलं. "पाइप गळतोय. हे तुमचंच अक्षर ना, काका?"

नागप्पा खुर्चीवर बसला. "व्हय," तो म्हणाला.

सगळा कागद कानडीत होता, आकडेसुद्धा. एरवी बरोबरचा कामगार शिवलिंगप्पा त्याचे अहवाल मराठीत लिहून देई. त्या दिवशी तो रजेवर होता आणि जोड थांबण्यातला नव्हता. म्हणून नागप्पा शाळेत जे शिकला होता त्यात स्वतःच लिहून मोकळा झाला. हे चौकशीत का सांगितलं नाही, असं महेश्वरीनं विचारलं. त्यानं मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मराठीत चार ओळी लिहिता आल्या नाहीत, हे साहेबांपुढं तोंडातून बाहेरच पडलं नाही, म्हणाला.

तिनं कागद उलटा केला. मागं ऑफिसचा आवक शिक्का होता. तारीख नऊ जानेवारी. जोड फुटायच्या आठ दिवस आधीची.

"अक्षर फळ्यावर काढल्यासारखं आहे," ती म्हणाली. "आणि खोक्यावर काय, तर वाचता येत नाही."

"आमाला वाचता येत न्हाय, असं लिवायला पायजे हुतं की त्येंनी," नागप्पा म्हणाला. महिन्यात तो पहिल्यांदाच हसला असेल.

कागद होता तसाच स्कॅन करून त्याखाली ती मराठी मजकूर टाइप करू लागली. प्रत्येक ओळ त्याला वाचून दाखवत होती. 'दुरुस्ती करावी' असं तिनं लिहिलं तेव्हा त्यानं थांबवलं. मी 'आजच' लिहिलंय, म्हणाला. तिनं कागद पुन्हा पाहिला. शब्द होता. तिनं 'आजच' घातलं.

"आतिफला दिसंल का ह्ये, मॅडम?"

सुरक्षेचे अहवाल सगळ्यांना खुले असतात, ती म्हणाली. त्याच्या मोबाइलवर सूचना जाईल. दहा वाजून बावन्न मिनिटांनी तिनं अहवाल चढवला.

कानडी कुठं शिकलीस, हे त्यानं मग विचारलं. चौथीपर्यंत वळसंगच्या कानडी शाळेत, गौरम्माबाईंच्या हाताखाली, असं तिनं सांगितलं. पुढं वडिलांनी मराठी शाळेत घातलं. कानडी तेवढीच, पण बाईंनी पक्की करून घेतलेली. नागप्पा उठला. त्यानं हात जोडले.

"त्या बाईस्नी माजा नमस्कार सांग, अव्वा."

बाई गावातच असतात, रविवारी जाऊन सांगते, असं महेश्वरी म्हणाली. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आत येताना ती त्याची मॅडम होती; जाताना अव्वा, कानडीतली आई.

कोणता कागद कुणी उघडला याची नोंद इंट्रानेट आपोआप ठेवतं. पहिल्या अर्ध्या तासात नागप्पाचा अहवाल शिवलिंगप्पानं उघडला, दुपारपर्यंत चौकशीतल्या तिन्ही साहेबांनी. पावणेचार वाजता निकाल पुढं ढकलल्याची सूचना लागली. नवी तारीख तिच्यात नव्हती.

आतिफनं तो अहवाल एक वाजून वीस मिनिटांनी शुक्रवार पेठेतल्या घरून उघडला होता. चार वाजेपर्यंत पाच वेळा. पाचव्यांदा उघडलेला त्यानं अजून बंद केला नव्हता.