इम्पालाचं मूळ इंजिन

दिरांनी शेवटी मिस्त्री आणलाच. त्याने आमच्या जुन्या इम्पालाचं बॉनेट उघडलं, वर चेनपुली टांगली.

“वहिनी, यात डिझेल इंजिन बसवू. गाडी वरातींना भाड्याने जाईल. हे नुसतं पेट्रोल पितं.”

“बहुतेकांच्या गाडीत सहा सिलिंडर असायचे, भाऊजी. मामंजींनी आठाचं मुद्दाम मागवलं होतं. ते काढलं, की उरतो नुसता पत्रा.”

“बायकांना काय कळतंय इंजिनातलं!”

मी देवघरातून जपमाळ आणली, स्टिअरिंगमागे जाऊन बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन असं घुमलं, की मिस्त्री हातातला पाना विसरून ऐकत राहिला.

“माझा जप इथंच बसून व्हायचाय. तोवर इंजिनाला हात लावू नका,” मी हळूच म्हणाले.

“बरं. किती वेळ?”

“सकाळीच संकल्प सोडलाय, भाऊजी. एक कोटीचा.”