कुंदाबाईची ओळ

माउसचा बाण पुन्हा पडद्याच्या मधोमध थिजला. लोटनने माउस गोल गोल फिरवला, आपटला, उलटा करून पाहिला. बाण जागचा हलेना. मग एकाएकी तो सुसाट कोपऱ्यात गेला आणि जाताना पत्रिकेची चौकट तिरपी करून गेला.

"झालं का?" शेजारच्या स्टुलावरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"होतंय, आबा." लोटन दात आवळून म्हणाला.

भडगावात कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून देणारं तेव्हा लोटनचं एकच दुकान होतं. लग्नाची असो की मरणानंतरच्या गंधमुक्तीची, आसपासच्या गावांची पत्रिका त्याच्याच हातून जायची. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात जळगावच्या एका डीलरच्या नादी लागून त्याने मशीनवर नवी सिस्टिम चढवली आणि सुखातला जीव दुःखात घातला. नवी सिस्टिम जुन्या माउसला ओळखच देईना. मशीन सुरू केलं की पहिली पाटी माउस चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सापडत नसल्याची. लोटनने माउसच्या पोटातली गोळी काढून स्पिरिटने पुसली. मागची पिन या खाचेतून त्या खाचेत लावून पाहिली. जुन्या ड्रायव्हरची फ्लॉपी घातली, तर मशीनच बंद पडलं. डीलरला फोन करावा तर तो म्हणायचा, नवा ड्रायव्हर मुंबईहून मागवलाय, येईल. तोवर लग्नसराईतली गिऱ्हाइकं पाचोऱ्याची वाट धरू लागली होती.

त्यात आज सकाळी हा म्हातारा आला. गंधमुक्तीची पत्रिका करायची म्हणाला. खिशातून फोटो काढून दिला. झुबकेदार मिशांचा, भरल्या अंगाचा माणूस. नाव अभिमन नथ्थू पाटील.

"भाऊ का तुमचे?" लोटनने विचारलं होतं.

"घरनाच माणूस शे," म्हातारा म्हणाला होता. त्याला घाई होती. मुलं चाळीसगावच्या बाजाराला गेली होती आणि ती परतायच्या आत त्याला घर गाठायचं होतं.

मजकूर भराभर टाइप झाला. अडलं ते शेवटी. 'शोकाकुल'च्या खाली दोन मुलं, सुना, नातवंडं अशी नावं बसली, चौकट भरली, आणि मग म्हाताऱ्याने आणखी एक नाव सांगितलं. सौ. कुंदाबाई पुना सोनवणे. मुलगी. तिची ओळ आत घ्यायची तर खालची सगळी नावं माउसने धरून सरकवायला हवी होती. लोटन धरायचा, बाण थिजायचा, मग उसळायचा आणि नावं चौकटीबाहेर सांडायची. एकदा तर अख्खं मशीनच गोठलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुपार टळायला आली. लोटनचा सदरा पाठीला चिकटला होता.

"आबा, हे एक नाव राहू द्या ना," तो वैतागून म्हणाला. "खाली 'समस्त पाटील परिवार' लिहिलंय. त्यात तीही आलीच की."

म्हातारा इतका वेळ पडद्याकडे बघत होता. आता त्याने लोटनकडे बघितलं.

"बठ्ठा नावं काढी टाक," तो म्हणाला. "ते एक ऱ्हाऊ दे."

आवाज चढलेला नव्हता. लोटनने माउस बाजूला सारला. होती नव्हती ती सगळी नावं पुसली आणि नव्याने टाइप करायला घेतली. या वेळी दोन मुलांच्या लगेच खाली कुंदाबाई. मग सुना, मग नातवंडं. अक्षरं थोडी बारीक करावी लागली, पण सगळी मावली.

"आता तारीख सांगा. कधी वारले?"

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ती जागा मोकळी ऱ्हाऊ दे, भाऊ. मी शे ना आजून."

 लोटनने फोटो पाहिला, मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. मिशा गेल्या होत्या, अंगही उतरलं होतं. डोळे मात्र तेच होते.

म्हातारा मग सावकाश बोलत राहिला. कुंदाने घरच्यांना न विचारता लग्न केलं. भावांनी तिला दार बंद केलं, आणि तेव्हा तोही गप्प बसला. आता धुळ्याच्या डॉक्टरने तपासण्या करून त्याला घरी पाठवलं होतं. गोळ्या दिल्या होत्या, पुन्हा यायला सांगितलं नव्हतं.

"मी गऊ म्हनजे पोरं तिनं नाव टाकतीन नही," तो म्हणाला. "नाव छापेल ऱ्हायनं तं ती येई. पत्रिका कराले पोरं तुनाकडेच येतीन."

कापूस वेचणीला आला तेव्हा आबांची दोन्ही मुलं दुकानात आली. दोघा भावांची डोकी भादरलेली. एव्हाना ड्रायव्हरची फ्लॉपी येऊन माउस सुरळीत झाला होता. थोरला, भाईदास, एकेक नाव सांगू लागला. मुलगे, सुना, नातवंडं. तिथे तो थांबला.

लोटनने काही टाइप केलं नव्हतं. त्याने आबांची जपून ठेवलेली फाईल उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. भाईदास मान पुढे करून वाचत राहिला. मग त्याचा चेहरा आक्रसला.

"हे नाव कोणी टाकलं?"

"आबांनी. इथे बसून," लोटन म्हणाला. "तुम्ही फक्त तारीख सांगा."