वरून तिसरं बटण

"सोमवारी मी हे गाव सोडून जातोय. तिकडच्या छापखान्यात काम मिळालंय," पुस्तकं बांधून देणारा बाइंडर म्हणाला. "तुम्ही येणार असाल तर दोघांना पुरेल असं घर बघतो. नसाल तर मला एक खोली बास."

ताईने त्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळला. बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईला आपोआप ढिला झालेला स्क्रू आणि मुद्दाम ढिला केलेला स्क्रू यांतला फरक कळतो. हा स्क्रू गेलं वर्षभर दर पंधरा दिवसांनी मुद्दाम ढिला होत होता. तिने ते पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं आणि चकार शब्द काढला नव्हता.

"माझ्या धाकट्या भावाचं कसं होणार?" ती म्हणाली.

"बेचाळीस वर्षांचा आहे तो."

"हो, पण त्याला साधं बटण लावता येत नाही हो."

बाइंडरने चष्मा चढवून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "आज सातपर्यंत मी दुकानात आहे," एवढंच म्हणून तो गेला.

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बरोबर जागेवर बसवायचा. घरी मात्र सगळा आनंदीआनंद. दूध उतू जायचं, इस्त्री कापडाला चिकटायची आणि आठवड्याला एक तरी बटण तुटायचं, बहुतेक वेळा वरून तिसरं. "लोक तुझ्या हातात घड्याळं देतात तरी कशी रे?" असं करवादत ताई सुई ओवायची. आई-वडील गेल्यावर घरात दोघंच उरली. तिला मागण्या आल्या, तेव्हा तिने धाकट्याचंच कारण पुढे केलं. सगळ्यांना ते पटलं. आत्या तर म्हणायची, "ही गेली तर हा महिन्याभरात उघडा फिरेल." समोरच्या गल्लीतल्या शिवणवालीने धाकट्याला लग्नाचं विचारलं होतं. त्याने नाही म्हटलं, तेव्हा ताईला वाटलं, सुटली बिचारी.

त्या दुपारी ताईच्या हातून दोन काचा निसटून फुटल्या. तिने दुकान दोन तास आधीच बंद केलं.

धाकट्याचा सुट्टीचा दिवस होता. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. तो खिडकीपाशी बसला होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मांडीवर निळा शर्ट. वरून तिसऱ्या बटणाचा दोरा तो एकेक टाका करत उसवत होता. कापडावर ओरखडाही उठत नव्हता. बाजूला गॅसवर दूध वर आलं. मान न वळवता त्याने हात लांब केला आणि आच बारीक केली.

"हे काय चाललंय?"

त्याचं भिंग मांडीवर पडलं.

"तुझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तू नऊ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतीस," तो म्हणाला. "आई रडली तरी उठली नाहीस. दहाव्या दिवशी माझं बटण तुटलं. खरंच तुटलं होतं ते. तू उठलीस, सुई शोधलीस. मग चहा प्यायलीस."

"अरे, त्याला सतरा वर्षं झाली. मी बरी झाले ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं. पण थांबायची हिंमत होईना."

ताईने सुईदोऱ्याचा डबा त्याच्यापुढे ठेवला. "लाव."

त्याने लावलं. अर्धं मिनिट लागलं. टाके तिच्या टाक्यांपेक्षा सरळ होते.

तिने डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"बाइंडरकडे. घर दोघांचंच बघा म्हणून सांगते." दारात ती थबकली. "आणि काय रे, त्या शिवणवालीला का नाही म्हणालास? चांगली होती की ती."

धाकट्याने शर्टाची घडी घातली, अगदी कडेला कडा जुळवून.

"तिने लावलेलं बटण तुटलं नसतं, ताई. मग तू कशासाठी उठली असतीस?"