टिटवीचा कोपरा

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठी मालोजीशेठचं रिसॉर्ट होतं. बुडालेल्या गावातल्या प्रत्येक घरातलं एक माणूस त्यांनी तिथे कामाला ठेवलं होतं. मोटरबोट नाही, स्पीकर नाही, पाण्यात कागदाचा कपटाही पडू द्यायचे नाहीत. दर मे महिन्यात गावाला सोबत घेऊन ते गाळ काढायचे. फक्त एका कोपऱ्याला कुणाला हात लावू देत नसत. "तिथं टिटवी अंडी घालते," म्हणायचे.

त्या कोपऱ्यातच त्यांचं घर बुडालं होतं. गाव उठलं त्या दिवशी त्यांची आई, बयाबाई, कुठल्याच ट्रकमध्ये नव्हती, हे वर पोचल्यावर कळलं. तोवर रस्ता पाण्याखाली गेला होता.

"म्हातारीनं जीव दिला, पण घर सोडलं नाय," असं गाव अजून अभिमानानं सांगायचं. दर नारळी पौर्णिमेला पहिला नारळ तिच्या नावानं पाण्यात सोडायचं.

२००३च्या उन्हाळ्यात पाणी कधी नव्हे इतकं आटलं आणि गाळातून घराचं सागवानी दार वर आलं. म्हातारे नाथूकाका पाया पडायला पुढे गेले आणि तिथेच थबकले.

"मालोजी, कडी भायेरून लावलेली हाय रे."

मालोजीशेठ दाराकडे बघत नव्हते.

 

"घर सोडताना आत बघायचं नाय, कडी लावायची आणि चालायला लागायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना, काका?"