परड्यातली हळद

शंभूराजला मिरजेच्या दवाखान्यातून ट्रॅक्स गाडीतनं घरी आणलं. सोप्यात निजवलं, तोंडावर चादर ओढली. माणसं गोळा व्हायला लागली. नाथाजी लेकाजवळ बसला नाही. उठला आणि मागच्या परड्याकडं गेला. बायको गेली तेव्हा त्या दाराला त्यानंच कुलूप घातलेलं. आज ते नुसतं अडकवलेलं होतं.

आत संयोगिता. त्याची पुतणी, आईबाप गेले म्हणून साताऱ्याहून आष्ट्याला आणलेली. पुढ्यात हळदीचा वाफा, पाला सगळा वाळून आडवा झालेला. पोरगी पलीकडच्या टोकापासून बादलीतनं तांब्या तांब्या पाणी घालत होती.

"किल्ली मीच घेतली हुती, तात्या."

मग तिनं सगळंच सांगून टाकलं. काकूची हळद आपोआप फुटून आलेली. दोघांनी गवत काढलं, पाणी घातलं. ही जगली की तूबी बरा हुशील, असं तिनंच पायानं अधू, कायम खाटेवर असलेल्या शंभूला सांगितलेलं. पुढं पाला वाळाय लागला. शंभूनं बघितलं आणि परत खाट धरली, ती धरलीच. मग ताप.

"माझ्यामुळं मेली."

नाथाजी उकिडवा बसला. एक बुडखा धरून उपसला. मातीसकट भलामोठा गड्डा वर आला. त्यानं तो मोडला. आत पिवळाधमक.

"मेली न्हाई गं. पाला वाळला म्हंजी हळद तयार झाली."

संयोगिता गड्ड्याकडं बघत राहिली. "मग आमाला कुणीच का सांगितलं न्हाई?"

नाथाजी गड्ड्याची माती झाडायला लागला. मग तिचं 'दोघांनी' त्याच्या ध्यानात आलं. "त्येला हितवर आणलं कुणी? तू उचलून?"

"चालत यायचा की. माझ्या खांद्याला धरून."

"शंभू?"

"व्हय. हळद काढायच्या दिवशी तुमच्यापुढं एकटा चालणार हुता. तवर सांगू नगं म्हनला."

तिनं बोट दाखवलं. वाफ्याच्या अलीकडच्या कडेला, वाळलेल्या चिखलात पावलं होती. उजवं खोल रुतलेलं. डाव्याची नुसती फरफट. पुन्हा उजवं. पुन्हा फरफट.

सोप्यातनं भावकीतल्या लालासाहेबानं हाक मारली, शंभूच्या आंघोळीचं पाणी तापलंय म्हणून. नाथाजी उठला, दारापर्यंत गेला, तिथंच पावलांकडं बघत थांबला.

"बादली राहू दे, बाळ. हिकडच्या बाजूला पाणी घालू नगंस."