मतापुरता अर्ज

"अर्ज मागे घ्या, काकू. आपल्या गावात पंचायतीला मतदान कधी झालेलंच नाही," पाटील समजावत होते.

चाळीस वर्षं वाघदऱ्याचा सरपंच देवळातल्या बैठकीत ठरायचा आणि बायकांना तिथं बोलावणं नसायचं. यंदा पाटलांचा पुतण्या ठरला होता. सत्तरीच्या तान्हूबाईंना सरपंचकी नकोच होती. मरायच्या आधी एकदा गावासाठी बटण दाबायचं होतं. पण दुसरा उमेदवार असल्याशिवाय मतदान होत नाही, म्हणून त्याच उभ्या राहिल्या. प्रचाराला मात्र त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून त्यांनी पहिला नंबर लावला आणि आत जाऊन पुतण्याचं बटण दाबलं. पोरगा कामाचा होता.

निकाल लागला. तान्हूबाई दोनशे मतांनी निवडून आल्या!

गुलाल घेऊन आलेल्या बायकांवर त्या कडाडल्या, "अगं बायांनो, मला फक्त मत द्यायचं होतं! मीसुद्धा पुतण्यालाच दिलं की!"

"ते तुमचं मत झालं, काकू," शेजारची सुंदरा त्यांच्या कपाळाला गुलाल फासत म्हणाली. "आमचं आम्ही दिलं."